'रिमोर्सलेस' : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ, उपयोजन आणि मराठी पर्याय

प्रस्तावना

इंग्रजीतील 'रिमोर्सलेस' हे विशेषण न्यायालयीन निकाल, वृत्तपत्रे, नाटके, अर्थविषयक लेख आणि क्रिकेटचे समालोचन अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांत आढळते. मराठीत त्यासाठी 'निर्दय', 'निष्ठुर', 'पश्चात्तापशून्य', 'निर्ढावलेला' असे पर्याय योजले जातात आणि ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत ठेवले जातात. वस्तुतः हे शब्द समानार्थी नाहीत. 'निर्दय' हा शब्द कृत्य घडत असतानाच्या वृत्तीविषयी बोलतो. 'निष्ठुर' मनुष्य दुसऱ्याच्या याचनेने द्रवत नाही. 'पश्चात्तापशून्य' या शब्दाचा संबंध कृत्य घडून गेल्यानंतरच्या मनःस्थितीशी आहे, तर 'निर्ढावलेला' हा शब्द वारंवार केलेल्या कृत्यांतून अंगवळणी पडलेल्या स्वभावाचे वर्णन करतो.

एखाद्या निकालपत्रात आरोपीविषयी हे विशेषण आले आणि अनुवादकाने घाईने यांपैकी हाताला लागेल तो पर्याय उचलला, तर मूळ न्यायाधीशाने न काढलेला निष्कर्ष मराठी वाचकापर्यंत पोहोचतो. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठीसह काही भारतीय भाषांत अनुवादरूपाने उपलब्ध होऊ लागले आहेत. त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशकारांच्या जिज्ञासेचा राहिलेला नाही. प्रस्तुत लेखात सदर विशेषणाची व्युत्पत्ती, त्याच्या अर्थात झालेला बदल, त्याच्या निकटचे इतर इंग्रजी शब्द आणि मराठीत त्यासाठी कोणत्या प्रसंगी कोणता शब्द योजावा, यांचा विचार केला आहे.

पुन्हा पुन्हा चावणारे मन

'रिमोर्स' हे नाम जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधून इंग्रजीत आले. लॅटिन 'मोर्देरे' म्हणजे चावणे, आणि 'रे' या उपसर्गाने 'पुन्हा' हा अर्थ मिळतो. केलेले कृत्य मनाला पुन्हा पुन्हा चावते, अशी ही कल्पना आहे. तोंडात मावेल एवढा घास या अर्थाचा 'मॉर्सेल' आणि बोचऱ्या उपरोधासाठी वापरला जाणारा 'मॉर्डंट' हे शब्द याच धातूपासून आलेले आहेत. काही व्युत्पत्तिकोश या लॅटिन धातूचे नाते संस्कृत 'मृद्' म्हणजे चुरडणे, चोळवटणे या धातूशीही जोडतात.

परक्या शब्दातील ही प्रतिमा इंग्रजीच्या पूर्वसूरींना इतकी स्पष्ट जाणवत होती की तिचे शब्दशः देशीकरण करण्याचा प्रयत्नही झाला. कँटरबरी येथील सेंट ऑगस्टीन मठातील डॅन मायकेल या साधूने १३४० मध्ये एक फ्रेंच नीतिग्रंथ केंटच्या बोलीत उतरविला आणि त्याला 'आयेनबाइट ऑफ इनविट' असे नाव दिले. 'आयेन' म्हणजे पुन्हा, 'बाइट' म्हणजे चावा आणि 'इनविट' म्हणजे अंतःकरणातील जाण. हा देशी शब्द लोकांत रुजला नाही, लॅटिन वळणाचा 'रिमोर्स'च टिकला. मात्र जेम्स जॉइस याने १९२२ च्या 'युलिसिस' कादंबरीत तो जुना शब्दप्रयोग पुन्हा वापरल्याने साहित्याच्या अभ्यासकांना तो परिचित आहे.

मराठीतील प्रतिमा निराळ्या आहेत. 'पश्चात्ताप' आणि 'अनुताप' या दोन्ही शब्दांत चावा नसून ताप आहे. कृत्यानंतर मागाहून होणारी ही जळजळ आहे. बोलीतील 'टोचणी' आणि 'बोचणी' यांत काटा रुतल्याची कल्पना आहे, 'रुखरुख' आणि 'चुटपुट' यांत अस्वस्थपणा आहे. तथापि लॅटिन शब्दातील नेमकी कल्पना मराठीला अगदीच अपरिचित आहे असे नाही. 'त्याचे मन त्याला खाते' असे आपण म्हणतो तेव्हा डॅन मायकेलने सहा-सात शतकांपूर्वी योजलेलीच प्रतिमा कोणत्याही अनुवादाविना मराठीत उभी राहते. पाठ्यपुस्तकी 'सदसद्विवेकबुद्धीची टोचणी' या प्रयोगापेक्षा हा वाक्प्रचार मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे. परंतु तो घरगुती वाटत असल्याने अनुवादक त्याच्याकडे सहसा वळत नाहीत.

दयेकडून खंतीकडे

'रिमोर्स' या शब्दाचा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. चौदाव्या शतकात तो प्रामुख्याने सदसद्विवेकबुद्धीची टोचणी या अर्थाने आला. सोळाव्या शतकात त्याला दया, करुणा हा दुसरा अर्थ प्राप्त झाला. शेक्सपिअरच्या नाटकांत हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' मधील न्यायालयीन प्रवेशात ड्यूक शायलॉककडून 'मर्सी' आणि 'रिमोर्स' यांची अपेक्षा व्यक्त करतो. शायलॉकने अद्याप अँटोनिओला सुरी लावलेली नाही. तेव्हा येथे पश्चात्तापाचा प्रश्नच उद्भवत नाही, ड्यूक दया मागत आहे. 'द टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना' मध्ये सिल्व्हिया सर एग्लामूरची स्तुती करताना त्याला 'रिमोर्सफुल' म्हणते. त्याने काही पाप केले आहे असा याचा अर्थ घेतल्यास प्रवेशाचा विपर्यास होतो. तिला 'कनवाळू' असे म्हणावयाचे आहे.

'मॅकबेथ' मध्ये या दोन अर्थांमधील अंतर एकाच व्यक्तिरेखेत पाहावयास मिळते. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात लेडी मॅकबेथ अदृश्य शक्तींना आवाहन करते की आपल्या अंतःकरणाकडे येणारी 'रिमोर्स'ची वाट बंद व्हावी. खून अद्याप व्हायचा आहे, म्हणून ही वाट दयेची आहे. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात तीच स्त्री झोपेत चालताना हातावरचा न दिसणारा डाग धूत राहते. तेथे जे दिसते त्याला आजच्या इंग्रजीत 'रिमोर्स' म्हणतात. मात्र या दुसऱ्या प्रवेशात शेक्सपिअरने तो शब्द वापरलेला नाही.

'रिमोर्सलेस' हे विशेषण सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आले, म्हणजे नामाचा 'दया' हा अर्थ जिवंत असतानाच. पुढे नामाचा तो अर्थ लोपला. आज 'रिमोर्स' म्हणजे केवळ केलेल्या अपराधाची खंत. विशेषणाने मात्र आपला जुना अर्थ सोडला नाही. परिणामी 'रिमोर्सलेस' या एका शब्दात आज दोन अर्थ एकत्र राहतात : 'ज्याला केलेल्या कृत्याची खंत नाही' हा नव्या नामाला अनुसरणारा अर्थ, आणि 'ज्याला दया नाही, जो थांबत नाही' हा जुन्या नामाचा वारसा. आधुनिक वापरात 'रिमोर्सफुल' हा शब्द प्राधान्याने व्यक्तीविषयी किंवा व्यक्तीच्या पत्रासारख्या, चेहऱ्यासारख्या अभिव्यक्तीविषयी येतो. 'रिमोर्सलेस' मात्र समुद्र, उन्हाळा, तर्क आणि महागाई यांनाही सहज लागतो. वरवर विरुद्धार्थी दिसणाऱ्या या जोडीतील विषमतेचे मूळ वर सांगितलेल्या इतिहासात आहे.

इंग्रजीत अशी उदाहरणे आणखी आहेत. 'रूथलेस' या शब्दातील 'रूथ' म्हणजे करुणा. हे नाम व्यवहारातून जवळजवळ नाहीसे झाले, पण त्याच्या अभावाचे विशेषण रोजच्या वापरात आहे. (बायबलमधील रूथ या स्त्रीनामाशी त्याचा संबंध नाही.)

मराठी वाचकाला मात्र इंग्रजीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. 'निर्घृण' हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नित्य दिसतो. आजच्या मराठीत 'घृणा' म्हणजे किळस, तिटकारा. त्या हिशेबाने 'निर्घृण खून' म्हणजे किळस नसलेला खून असे म्हणावे लागेल, आणि ते हास्यास्पद होईल. उलगडा संस्कृतमध्ये आहे. तेथे 'घृणा' या शब्दाला जुगुप्सेबरोबरच करुणा हाही अर्थ आहे, आणि अमरकोशात तो कारुण्याच्या पर्यायांत नोंदविलेला आहे. मराठीत नामाचा करुणा हा अर्थ गळून पडला, जुगुप्सा तेवढी उरली. 'निर्घृण' या विशेषणाने मात्र लोपलेली करुणा आपल्या पोटात जपून ठेवली. 'रिमोर्स' आणि 'रिमोर्सलेस' यांच्या बाबतीत इंग्रजीत जे घडले तेच येथे घडले आहे. इंग्रजीचे अध्यापन करणाऱ्यांनी 'रिमोर्सलेस' हा शब्द शिकविताना 'निर्घृण' या शब्दापासून प्रारंभ केल्यास विद्यार्थ्याला पाठांतराची गरज उरणार नाही.

निर्जीव वस्तूंना लागणारे विशेषण

दुसऱ्या, म्हणजे 'न थांबणारा' या अर्थाचा विस्तार कवींनी आणि पुढे तत्त्वचिंतकांनी केला. एडवर्ड किंग हा केंब्रिजमधील सहाध्यायी ऑगस्ट १६३७ मध्ये आयरिश समुद्रात बुडाला. त्याच्यावर लिहिलेल्या 'लिसिडस' या शोककाव्यात मिल्टनने समुद्राच्या खोल पाण्याला हेच विशेषण लावले. समुद्राने अपराध केला आणि त्याला त्याचा पश्चात्ताप नाही, असा अर्थ तेथे करता येत नाही. समुद्र कोण बुडतो आहे हे पाहत नाही, एवढेच कवीला सांगावयाचे आहे.

विसाव्या शतकात हा अर्थ काव्याबाहेर स्थिरावला. ए. एन. व्हाइटहेड या तत्त्वज्ञाने १९२५ मध्ये प्रकाशित झालेल्या 'सायन्स अँड द मॉडर्न वर्ल्ड' या ग्रंथात शोकात्मिकेचे मर्म दुःखात नसून घटनाक्रमाच्या अटळ गतीच्या गांभीर्यात आहे, असे प्रतिपादन केले. त्या गतीसाठी त्याने 'रिमोर्सलेस' हे विशेषण योजले. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात 'द ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स' हा बहुचर्चित लेख लिहिला आणि आपल्या शीर्षकातील 'ट्रॅजेडी' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करण्यासाठी व्हाइटहेडचे हेच मत उद्धृत केले. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराख्याने आपले एकेक जनावर वाढविले तर कुरण नष्ट होते. त्यात कोणी दुष्ट असण्याची गरज नाही, हिशेब आपल्या गतीने पुढे सरकत राहतो. हार्डिनच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी समूह सामाईक साधनसंपत्तीचे नियमन करू शकतात हे दाखविले आणि त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु शब्दाच्या दृष्टीने हे उदाहरण निर्णायक आहे. येथे 'पश्चात्तापशून्य' असा अनुवाद केल्यास वाक्य निरर्थक होते. 'अटळ', 'निष्ठुर' किंवा 'कुणाचीही गय न करणारी' हेच पर्याय शोभतात.

'रिमोर्सलेसली' हे क्रियाविशेषण प्रायः याच अर्थाने येते. किमती वाढत राहतात, पाणी चढत राहते, वय होत राहते. क्रीडासमालोचनात एकाच टप्प्यावर षटकामागून षटके टाकणाऱ्या गोलंदाजाला हे विशेषण लाभते तेव्हा तर ती सरळ स्तुती असते, आणि मराठीत तेथे 'अथक' किंवा 'फलंदाजाला उसंत न देणारी गोलंदाजी' असे म्हणावे लागेल.

खंत आणि माघार

आता पहिल्या अर्थाकडे, म्हणजे खंत नसलेल्या मनुष्याकडे वळणे इष्ट होईल. या अर्थाच्या अगदी शेजारी 'अनरिपेंटंट' आणि 'इम्पेनिटंट' ही दोन विशेषणे राहतात, आणि खरी गफलत येथेच होते. 'रिमोर्स' ही एक वेदना आहे. ती होते किंवा होत नाही. ती ठरवून करता येत नाही. 'रिपेंटन्स' हा त्या पुढचा निर्णय आहे : केलेले अयोग्य होते असे मान्य करणे, ते सोडणे, शक्य तेवढी भरपाई करणे. मराठीत दोहोंसाठी 'पश्चात्ताप' हा एकच शब्द वापरला जात असल्यामुळे हा भेद झाकला जातो. बायबलच्या मराठी भाषांतरातही हे दिसते. तेथे नव्या करारातील 'मेटानोइया' या मूळ ग्रीक शब्दासाठी 'पश्चात्ताप' हा शब्द रूढ झाला. परंतु ग्रीक शब्दात ताप नाही, मनाचे परिवर्तन आहे. 'उपरती' हा मराठी शब्द त्याला कदाचित अधिक जवळचा ठरला असता.

प्राचीन धर्मशास्त्रकारांना असा भेद अज्ञात नव्हता. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत ख्यापन, म्हणजे अपराध उघडपणे सांगणे, आणि अनुताप यांचा निरनिराळा उल्लेख आहे. सांगणे म्हणजे तळमळणे नव्हे, हे त्यात गृहीत आहे. त्याच परंपरेतील 'अनुशय' हा शब्द तर व्यवहारात उतरला. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक 'क्रयविक्रयानुशय' हे आहे. खरेदी किंवा विक्री केल्यावर मागाहून खंत वाटल्यास दहा दिवसांच्या आत व्यवहार परत फिरविता येतो, असा तो नियम. आजच्या इंग्रजीत महागडी वस्तू घेतल्यानंतरच्या चुटपुटीला 'बायर्स रिमोर्स' म्हणतात, ही गंमत येथे सहज नोंदवावीशी वाटते.

खंत आहे पण माघार नाही, याचे उदाहरण 'हॅम्लेट' मध्ये आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने हे नाटक एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणले. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातील स्वगतात हॅम्लेट आपल्या चुलत्याला, क्लॉडियसला, अनेक दूषणे देतो. त्यांतील एक 'रिमोर्सलेस' हे आहे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हाच क्लॉडियस एकटा असताना भ्रातृहत्येच्या जाणिवेने व्याकूळ झालेला दिसतो आणि प्रार्थनेसाठी गुडघे टेकतो. परंतु ज्यासाठी हत्या केली तो मुकुट आणि ती राणी आपल्यापाशीच आहेत, आणि ती सोडण्याची तयारी नसताना क्षमा कशी मागावी, हा प्रश्न त्याला सुटत नाही. तो उठतो. आधुनिक अर्थाने पाहता पुतण्याने दिलेले विशेषण चुकीचे ठरते. क्लॉडियसला खंत आहे, नाही ती माघार. त्याला 'इम्पेनिटंट' म्हणावे, 'रिमोर्सलेस' म्हणता येत नाही. हॅम्लेटच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्याच्या तोंडी हा शब्द 'निर्दय' या जुन्या अर्थाने असण्याचा संभव अधिक आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण भारताच्या इतिहासात सापडते, आणि ते अधिक मोलाचे आहे. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधींवर 'यंग इंडिया' मधील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला चालला. गांधींनी आरोप मान्य केला, आपल्याला मोकळे सोडल्यास आपण पुन्हा तेच करू असे सांगितले आणि कठोरात कठोर शिक्षेची मागणी केली. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. राजद्रोहाच्या बाबतीत ते पूर्णपणे 'अनरिपेंटंट' होते. परंतु त्याच निवेदनात त्यांनी चौरीचौरा येथील हत्याकांडापासून आणि नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींपासून स्वतःला अलग करता येणार नाही, असे सांगून तीव्र खेद व्यक्त केला. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यात जमावाच्या हातून पोलीस मारले गेल्यानंतर त्यांनी पाच दिवसांचे उपोषण केले होते आणि असहकाराची चळवळ स्थगित केली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने हिंसा केलेली नव्हती, तरी तिची टोचणी त्यांना होती. लेख त्यांनी स्वतः लिहिले होते, त्यांची टोचणी नव्हती. एकाच मनुष्याच्या एकाच भाषणात ही दोन विशेषणे एकमेकांपासून किती स्पष्टपणे विलग होतात, हे येथे दिसते. कोणी गांधींना त्या दिवशी 'पश्चात्तापशून्य' म्हटले तर ते अर्धे सत्य होईल आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज होईल.

त्याआधी, जुलै १९०८ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर लोकमान्य टिळकांनी घेतलेली भूमिका तिसऱ्या प्रकारची होती. ज्यूरीने दोषी ठरविल्यानंतरही आपण निर्दोष आहोत, असेच त्यांनी सांगितले. ज्याला अपराधच मान्य नाही त्याच्या बाबतीत खंत आहे की नाही हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. या तिसऱ्या प्रकाराचा विसर पडल्यामुळेच हे विशेषण अनेकदा अन्यायकारक होते.

निकटचे शब्द

'कॅलस' या विशेषणाच्या मुळाशी लॅटिन 'कॅलम' म्हणजे घट्ट झालेली त्वचा आहे. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात आणि मग टोचत नाही, तसे मनाचे झाले की माणूस 'कॅलस' होतो. मराठीत 'निबर', 'निगरगट्ट' आणि 'निर्ढावलेला' हे शब्द या कल्पनेशी जुळतात, कारण त्यांत प्रक्रिया आहे. असा मनुष्य जन्मतः तसा नव्हता, तो तसा झाला. 'कोडगा' हा शब्दही याच घराण्यातला, पण त्यात खंतीपेक्षा लाजेचा अभाव मुख्य आहे. ओरडा आणि मार खाऊन खाऊन ज्याला त्यांचे काहीच वाटेनासे झाले आहे असे मूल कोडगे होते. त्याला 'रिमोर्सलेस' म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

'रिग्रेट' हा त्याहून सौम्य. त्यात अपराध असण्याची गरज नाही. गाडी चुकल्याचाही 'रिग्रेट' होतो. 'हळहळ' हा त्याचा योग्य मराठी पर्याय. 'अनअपॉलोजेटिक' या शब्दाचा प्रवास मात्र नोंद घेण्याजोगा आहे. पूर्वी तो दूषण होता. अलीकडच्या दशकांत जाहिरातींपासून आत्मचरित्रांपर्यंत तो स्तुतीसाठी वापरला जातो आणि आपण जसे आहोत त्याबद्दल संकोच न बाळगणारा असा त्याचा अर्थ होतो. 'अनरिपेंटंट' हा शब्दही विनोदाने सिगारेट ओढणाऱ्यास किंवा आदराने जुन्या मतांना चिकटून राहिलेल्या राजकीय कार्यकर्त्यास लावतात. 'रिमोर्सलेस'च्या बाबतीत व्यक्तीच्या नैतिक वर्णनात अशी ढिलाई आलेली नाही. हा शब्द खुन्याला लागतो, सिगारेट ओढणाऱ्याला नाही.

व्याकरणाच्या अंगाने एक बारकावा सांगितला पाहिजे. 'अनरिपेंटंट' या विशेषणापुढे 'अबाउट' हे शब्दयोगी सहज येते आणि कशाबद्दल खंत नाही ते सांगता येते. 'रिमोर्सलेस'पुढे ते खटकते. विशिष्ट कृत्याची खंत नाही असे सांगावयाचे झाल्यास इंग्रजी वृत्तपत्रे बहुधा विशेषण टाळतात आणि 'शोड नो रिमोर्स', म्हणजे खंत दाखविली नाही, अशी क्रियापदाची रचना करतात. विशेषण संपूर्ण माणसाला चिकटते, क्रियापद त्या दिवशी न्यायालयात काय दिसले तेवढेच सांगते.

न्यायालय आणि मानसशास्त्र

उपरोक्त फरकाचे व्यावहारिक मोल शिक्षेच्या टप्प्यावर कळते. भारतात दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे स्वतंत्रपणे ऐकून घेण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २५८(२) मध्ये आहे. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीचा विचार करताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, आणि तो सुधारण्याची शक्यता आहे का हे पाहावे, असे सांगितले. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात आरोपीचे मानसिक मूल्यमापन आणि तुरुंगातील वर्तन यांविषयीची माहिती न्यायालयापुढे यावी यावर भर देण्यात आला. इंग्लंडमधील शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत 'रिमोर्स' हा शिक्षा सौम्य करणारा घटक म्हणून स्पष्टपणे नोंदविलेला आहे. म्हणजे खंत असणे वा नसणे यावर तुरुंगातील वर्षे, आणि काही खटल्यांत जीवही, अवलंबून राहू शकतो.

अडचण अशी की खंत दिसावी लागते, आणि ती कशी दिसते हे ठरविणारा दुसराच कोणी असतो. खाली मान घालून उभा असलेला आरोपी लज्जित आहे, घाबरलेला आहे, की त्याला काहीच कळत नाही, हे चेहऱ्यावरून सांगणे कठीण असते. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याचा स्वर तर हरवतोच. याहून गंभीर बाब निर्दोष मनुष्याची. चुकून दोषी ठरलेल्या कैद्याने आपण गुन्हा केलाच नाही असे म्हणत राहिल्यास पॅरोलच्या सुनावणीत त्याची नोंद खंत नसलेला अशी होते, आणि खोटी कबुली दिल्यास सुटकेची शक्यता वाढते. इंग्रजी विधिसाहित्यात याला निर्दोष कैद्याचा पेच म्हणतात. अशा मनुष्याला 'निर्ढावलेला' म्हणणारे मराठी वृत्त दुहेरी अन्याय करते.

मानसशास्त्राने या शब्दाला मोजपट्टी लावली. हर्वी क्लेक्ली या मानसोपचारतज्ज्ञाने १९४१ च्या 'द मास्क ऑफ सॅनिटी' या ग्रंथात मनोविकृत व्यक्तिमत्त्वाची लक्षणे सांगताना खंत आणि लज्जा यांचा अभाव नोंदविला. रॉबर्ट हेअर यांच्या १९९१ च्या सुधारित पडताळासूचीत वीस बाबी आहेत, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण आणि एकूण चाळीस. खंत किंवा दोषभाव नसणे ही त्यांतील एक बाब. २०१३ च्या 'डीएसएम-५' या वर्गीकरणात समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराची सात लक्षणे दिली आहेत, त्यांपैकी किमान तीन आढळावी लागतात, आणि खंतीचा अभाव हे सातांतील एक आहे. त्याचा अर्थ असा की खंत नसणे एवढ्यावरून हा विकार ठरत नाही, आणि ते लक्षण नसतानाही विकार असू शकतो. वृत्तपत्रांतून 'रिमोर्सलेस' आणि 'सायकोपॅथ' हे शब्द जोडीने वापरण्याची जी प्रथा पडली आहे तिला या शास्त्राचा आधार नाही.

दक्षिण आफ्रिकेने या संदर्भात वेगळा मार्ग निवडला. १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे वर्णद्वेषी राजवटीच्या काळातील गुन्ह्यांबद्दल माफी मागता येत होती. त्यासाठी कृत्यामागे राजकीय उद्दिष्ट असणे आणि सर्व वस्तुस्थिती पूर्णपणे उघड करणे या अटी होत्या. खंत व्यक्त करणे ही अट नव्हती. पीडितांच्या अनेक नातेवाइकांना ते असह्य वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु खंतीची अट घातली असती तर तिचे नाटक वठविणाऱ्यांनाच तिचा लाभ झाला असता, हा विचारही दुर्लक्षिता येत नाही. मनुस्मृतीच्या परिभाषेत सांगावयाचे तर आयोगाने ख्यापन मागितले, अनुताप मागितला नाही.

मराठी अनुवादकाने निकालपत्रात हा शब्द आल्यावर प्रथम वाक्य कशाविषयी आहे ते पाहावे. वार करतानाची क्रूरता वर्णिली असेल तर 'निर्दय' किंवा 'निर्घृण' हे शब्द योग्य होत. घटनेनंतरचे वर्तन वर्णिले असेल तर विशेषण टाळून 'आरोपीच्या बोलण्यात वा वागण्यात खंत दिसून आली नाही' अशी रचना करावी, कारण न्यायाधीशाने पाहिले ते एवढेच असते. 'निर्ढावलेला' हा शब्द पूर्वीच्या गुन्ह्यांची सिद्ध नोंद निकालात असेल तरच वापरावा. आणि आरोपीने शेवटपर्यंत गुन्हा नाकारला असेल, तर त्याने तो नाकारला आहे हे त्याच वाक्यात लिहावे.